ट्रकचे ब्रेक फेल झाले, पण कशाने?

प्रश्न थोडक्यात असा. प्रश्नकर्त्याचे मामा-मामी साताऱ्याहून पुण्याला येत होते. नवा कात्रज बोगदा आणि दरी पूल ओलांडून नवले पुलाकडे उतरताना मागून आलेल्या कंटेनरने त्यांची गाडी पुढच्या ट्रकवर दाबली. मामा जागीच गेले. वय 43, भोसरीत छोटं वर्कशॉप, मागे मामी, दोन मुलं आणि आजी. मामींचा उजवा पाय दोन ठिकाणी मोडलाय. पोलीस म्हणतात ‘ब्रेक फेल’. विमा कंपनीकडून आलोय असं सांगणारा एक गृहस्थ ‘पाच लाख लगेच करून देतो’ म्हणत कागद ठेवून गेलाय. आज नववा दिवस. त्यांना विचारायचंय की मोठ्या गाड्यांच्या अपघातात एवढं होत्याचं नव्हतं का होतं, आणि ब्रेकच फेल झाले म्हटल्यावर चूक कोणाचीच नाही का?

आधी तो कागद. त्यावर कोणीही सही करू नका, मामींना तर हॉस्पिटलच्या कॉटवर अजिबात करू देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली, चूक कोणाची हे न बघता मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मिळतात. 1 एप्रिल 2022 पासून ही तरतूद लागू आहे आणि ज्यांच्याकडे उत्पन्नाचा काही पुरावाच नाही त्यांना ती उपयोगीही पडते. पण विमा कंपनीच्या प्रक्रियेतून ही रक्कम स्वीकारली की कलम 166 खालचा मोठा दावा संपतो, हे तो गृहस्थ सांगत नाही. तुमच्या मामांच्या बाबतीत मोठा दावा म्हणजे किती, याचा आकडा खाली देतो. तो वाचल्यावर पाच लाखांचा कागद कसा दिसतो ते तुम्हीच बघा.

आता ब्रेकचं. मी 29 वर्षं मोटार वाहन निरीक्षक होतो. अपघातातली गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात आणून टाकली की पोलिसांचं पत्र यायचं आणि आम्ही जाऊन तपासून अहवाल द्यायचा. निवृत्तीनंतर वकील मला तांत्रिक साक्षीसाठी ट्रिब्युनलमध्ये बोलावतात, म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. त्यामुळे तो एकपानी अहवाल मी लिहिलाही आहे आणि उलटतपासणीत दुसऱ्याने लिहिलेला वाचून ओशाळलोही आहे. एवढ्या वर्षांत ‘ब्रेक फेल’ हे शब्द मी शेकडो वेळा ऐकले. खरोखर अचानक, कोणाच्याही हातात नसताना ब्रेक गेले अशा गाड्या मात्र बोटांवर मोजण्याइतक्या पाहिल्या. बाकी सगळ्या गाड्यांचे ब्रेक अपघाताच्या आधी कित्येक किलोमीटर, कधी कित्येक महिने, हळूहळू जात होते.

कसे जातात ते बघा. माल धरून 40 टनांचा ट्रेलर उतारावर फक्त 100 मीटर उंची खाली उतरला, तर तेवढ्यात जी ऊर्जा मोकळी होते तिच्यात सव्वाशे लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल. इंजिनने आणि वाऱ्याने गाडी अडवली नाही तर ही सगळी उष्णता काही मिनिटांत चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या ड्रममध्ये आणि त्याला आतून घासणाऱ्या लायनरमध्ये शिरते. लायनर तीनशे अंशांच्या पुढे गेला की त्यातला राळेचा अंश जळू लागतो, गुळगुळीत होतो आणि पकड सोडतो. त्यात ड्रम लोखंडाचा. तापला की फुगतो, व्यास मिलिमीटरभराने वाढतो. म्हणजे लायनर बसवलेल्या ब्रेकच्या बूटाला ड्रमपर्यंत पोचायला जास्त अंतर कापावं लागतं. स्लॅक ॲडजस्टर, म्हणजे हे अंतर कमी-जास्त करणारा भाग, आधीच सैल असेल तर हवेच्या दाबाने बूट ढकलणाऱ्या बूस्टरचा दांडा पूर्ण बाहेर येतो आणि तरी बूट ड्रमला नीट टेकत नाही. चालक पाय दाबतोय, हवा आहे, पेडल जागेवर आहे, आणि गाडी थांबत नाही. त्याच्या दृष्टीने ब्रेक फेल. तो खोटं बोलत नसतो.

दुसरा प्रकार हवेचा. मोठ्या गाडीचे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा इंजिनवरचा कॉम्प्रेसर बनवतो. इंजिन बंद केलं की टाकीत जमा असेल तेवढीच हवा, प्रत्येक ब्रेकला थोडी खर्च होणारी. मग बझर वाजतो. पॉवर स्टिअरिंगही इंजिनवरच, म्हणजे स्टिअरिंग दगडासारखं जड होतं. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री याच नवले पुलाच्या उतारावर एका अवजड गाडीने डझनावारी वाहनं ठोकली. चालकाने इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडली होती, असं तेव्हा प्राथमिक तपासात पुढे आलं होतं.

शहाणा माणूस विचारेल की घाटात इंजिन कोण बंद करतं? त्याचं उत्तर डिझेलच्या हिशेबात आहे. पुष्कळ मालक फेरीला मोजून डिझेल देतात. वाचलं ते चालकाचं. पगार बेताचा, वरकमाई म्हणजे हेच पाच-दहा लिटर. बोगद्याच्या तोंडाशी आलं की पुढचा सगळा उतार फुकटचा वाटतो आणि गाडी न्यूट्रलला पडते, कोणी तर चावीच मागे फिरवतो. गाडी न्यूट्रलमध्ये गेली की इंजिनचा अडसर संपला, इंजिनचा धूर कोंडून गाडी अडवणारा एक्झॉस्ट ब्रेकही निरुपयोगी, सगळा भार ड्रमवर. वेग वाढल्यावर परत गिअर टाकायला जावं तर तो पडत नाही, नुसता कर्रर्र आवाज येतो. उतरताना चढावाचाच गिअर, हे जुने चालक क्लिनरला पहिल्या फेरीत शिकवायचे. आता क्लिनर ठेवणंच परवडत नाही, शिकवणार कोण आणि कोणाला?

इथे एक गैरसमज काढून टाकतो. ‘गाडीला स्पीड गव्हर्नर होता, ताशी 80 च्या वर जाऊच शकत नाही’ हे वाक्य मालकाच्या लेखी जबाबात हमखास असतं. गव्हर्नर इंजिनचं इंधन तोडतो. उतारावर गाडीला ढकलतं ते गुरुत्वाकर्षण, त्याला गव्हर्नर काय तोडणार? न्यूट्रलमध्ये सुटलेला ट्रेलर शंभरच्या पुढे आरामात जातो.

आणि हो, हवा गेली की स्प्रिंग ब्रेक आपोआप लागतो, मग गाडी थांबायलाच हवी, असं एका तरुण वकिलाने मला भर कोर्टात सुनावलं होतं. पुस्तकात बरोबर आहे. पण तो स्प्रिंग ब्रेकही त्याच तापलेल्या ड्रमवर, त्याच जळालेल्या लायनरवर लागतो. शिवाय कधीतरी वाटेत बूस्टरमधला रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, फाटून चाक जाम झालं म्हणून मेकॅनिकने मागचा बोल्ट कसून ती स्प्रिंग बांधून टाकलेली असते आणि पुढे सहा महिने ती तशीच राहते. एका ट्रेलरच्या मागच्या आठपैकी पाच बूस्टरना असे बोल्ट कसलेले मी स्वतः मोजलेत. त्या गाडीचं फिटनेस प्रमाणपत्र दोन महिन्यांपूर्वीचं होतं.

त्यामुळे ‘ब्रेक फेल, म्हणून चूक कोणाची नाही’ हे कायद्यातही बसत नाही. यांत्रिक बिघाडामुळे अपघात झाला असं म्हणायचं असेल तर ते मालकाने सिद्ध करायचं. नीट देखभाल करूनही दोष दिसण्यासारखा नव्हता, हेही त्यानेच दाखवायचं. सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच हे सांगून ठेवलंय. अडचण एवढीच की मालकाचं म्हणणं खोडायला ट्रकचीच साक्ष लागते, आणि ट्रक फार दिवस बोलत नाही. तपासणीची औपचारिकता संपली की गाडी अडकवून ठेवायची नाही, मालकाला परत द्यायची, असाच कायदा आहे. एकदा ती गॅरेजला गेली की पहिल्याच दिवशी जुने लायनर भंगारात.

माझ्या हातून काय झालं ते सांगतो. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. एका घाटाच्या पायथ्याशी ट्रकने मोटरसायकल चिरडली, माणूस गेला. माझ्याकडे त्या दिवशी चार गाड्या तपासायला होत्या, पाऊस लागलेला. ट्रकचा पुढचा भाग गेला होता, हवेची नळी तुटलेली. मी अहवालात लिहिलं, ‘ब्रेक प्रणाली अपघातात क्षतिग्रस्त, चाचणी शक्य नाही.’ एक ओळ. तीन वर्षांनी साक्षीला उभा राहिलो. चालकाने जबाब दिला होता की पुढच्या मोटरसायकलवाल्याने अचानक ब्रेक मारला. मयताच्या वकिलाने मला विचारलं, “साहेब, ड्रम उघडून पाहिला होता?” नाही. “लायनर?” नाही. “गिअर कशात होता?” पाहिलं नाही. त्या माणसावर अर्धी चूक लावली गेली आणि बाईंची भरपाई अर्ध्यावर आली. बाहेर व्हरांड्यात त्या बाकावर बसल्या होत्या, मांडीवर डब्याची पिशवी. मला कोणी काही बोललं नाही.

त्यानंतर मी गाडीखाली झोपायला गोणपाट बरोबर न्यायला लागलो.

अपघात एवढे जीवघेणे का, हे तुम्ही विचारलंत. ब्रेक हे अर्धंच उत्तर, उरलेलं वजनात आणि उंचीत आहे. 40 टनांचा कंटेनर ताशी 60 ने येऊन सव्वा टनाच्या उभ्या कारला धडकला, तर कारचा वेग सेकंदाच्या दहाव्या भागात शून्यावरून साधारण 58 वर जातो. कंटेनरचा वेग दोनानेही कमी होत नाही. चालक जबाबात म्हणतो, ‘काहीतरी आपटल्यासारखं वाटलं’, तेव्हा लोकांना संताप येतो, पण केबिनमध्ये खरंच तेवढंच जाणवतं. कारच्या पुढे मोकळा रस्ता असेल तर आतली माणसं वाचण्याची शक्यता तरी राहते, कारण कार पुढे फेकली जाते. पुढे दुसरा ट्रक असेल तर जायला जागाच नाही. 13 नोव्हेंबर 2025 ला नवले पुलाजवळ दोन कंटेनरांच्या मध्ये कार सापडली आणि पेट घेतला, त्या दिवशी आठ माणसं गेली. तुमच्या मामांच्या गाडीचं त्याच पद्धतीने झालं, आग तेवढी लागली नाही.

पुढच्या ट्रकची उंचीही बघा. ट्रकच्या हौद्याची पातळी कारच्या बॉनेटच्या वर असते. कार मागून आत घुसली की इंजिन, बंपर, एअरबॅगचे सेन्सर सगळं खालून निघून जातं आणि पहिली धडक काचेला, म्हणजे डोक्याला बसते. म्हणून ट्रकच्या मागे खाली आडवा गार्ड असायला हवा, जमिनीपासून 55 सेंटिमीटरच्या आत आणि धक्का सोसेल असा. आम्ही पासिंगला तो बघायचोच. पण पासिंगपुरता चार बोल्टवर लटकवलेला, आठवड्याने काढून ठेवलेला गार्ड काय कामाचा? माजी आमदार विनायक मेटे यांचं निधन 14 ऑगस्ट 2022 ला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर त्यांची कार पुढच्या ट्रकला मागून धडकून झालं. मागच्या धडकेत मोठी कारही फार काही वाचवत नाही. पुढच्या ट्रकला गार्ड होता का, टेल लॅम्प चालू होते का, हे तुमच्या प्रकरणातही बघायला हवं. तो ट्रक चालत होता की कडेला उभा होता, हेही.

थांबण्याचं अंतर तर लोक गृहीतच धरत नाहीत. ताशी 80 ला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. पाय ब्रेकवर जाईपर्यंत तीसेक मीटर गेले, हवा बूस्टरपर्यंत पोचायला अर्धा सेकंद म्हणजे आणखी दहा-अकरा, आणि मग चांगल्या ब्रेकवरसुद्धा पन्नासच्या आसपास. एकूण नव्वद मीटर, तेही सपाट कोरड्या रस्त्यावर. दोन ट्रकमध्ये एवढी मोकळी जागा दिसली की आपण कारवाले तीत घुसतो. मीही घुसलोय, खोटं कशाला बोलू.

वजनाचा मुद्दा थोडक्यात. जुलै 2018 मध्ये केंद्राने मालगाड्यांची अधिकृत वजनमर्यादा वाढवली. दहा टायरी गाडी 25 टनांवरून 28 च्या पुढे गेली. रस्ता तोच, घाट तोच, आणि जुन्या गाड्यांचे ब्रेकही तेच. त्यावर ओव्हरलोड भरला तर दंड 20 हजार आणि जादा प्रत्येक टनाला 2 हजार. पकडला तर.

परिणाम नुसते धडकेपुरते राहत नाहीत. 13 जून 2023 ला लोणावळ्याजवळ द्रुतगती मार्गावर मिथेनॉलचा टँकर उलटून पेटला आणि जळतं रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर पडलं. चार जण गेले, त्यातले काही तर खालून जाणारे होते. त्याच वर्षी 4 जुलैला धुळे जिल्ह्यात शिरपूरजवळच्या पळासनेरला एक कंटेनर उतारावरून सुटला, वाहनांना उडवत रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरला. चहा प्यायला बसलेल्या माणसाने कसली काळजी घ्यायची होती? 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. सरकारी आकडा आहे. जखमींचं पुढे काय झालं हे कुठल्या आकड्यात येत नाही.

मामींकडे येतो. अपघातग्रस्तांवर पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोकडविरहित उपचाराची केंद्राची योजना मे 2025 पासून लागू आहे. तिचा फायदा दिला गेला का, हे हॉस्पिटलच्या बिलिंगला विचारा. तो काळ गेला असला तरी बिलाचा प्रत्येक कागद, औषधाच्या प्रत्येक पावतीसकट, एका फाइलमध्ये ठेवा. मामींचा दावा मामांच्या दाव्यापासून वेगळा, हे लक्षात असू द्या. त्या गाडीत बसलेल्या होत्या, त्यांच्यावर चुकीचा वाटा लागूच शकत नाही. तुम्ही लिहिलंय की त्या पोळी-भाजीचे डबे देतात. डॉक्टर प्रमाणपत्रात पायाचं अपंगत्व समजा 30 टक्के लिहील, पण दिवसाला चार तास ओट्यापाशी उभं राहून ज्यांचा धंदा चालतो त्यांचं कमाईचं नुकसान 30 टक्क्यांहून कितीतरी जास्त असतं आणि ट्रिब्युनल ते विचारात घेऊ शकतं. गिऱ्हाइकांची वही, ऑनलाइन आलेले पैसे, गॅस सिलिंडरच्या पावत्या, सगळं चालतं. ‘गृहिणी, उत्पन्न नाही’ असं कोणालाही लिहू देऊ नका.

मामांचा हिशेब. आयकर विवरणपत्रांत महिन्याला 40 हजार उत्पन्न दिसतंय असं धरू. स्वतःचा धंदा आणि वय 40 ते 50 मध्ये, म्हणून पुढे वाढणाऱ्या कमाईपोटी 25 टक्के जोडायचे, झाले 50 हजार. अवलंबून चार जण, म्हणून स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, राहिले साडेसदतीस हजार. वर्षाचे साडेचार लाख. 41 ते 45 वयाला गुणक 14. म्हणजे 63 लाख, आणि वर सहवासाचं नुकसान, अंत्यविधी वगैरेची रक्कम. ही पद्धत सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांतून आली आहे आणि कुठल्याही दाव्याच्या वकिलाला ती झोपेत विचारली तरी येते. आता तो पाच लाखांचा कागद परत बघा.

चालक आत जाईल की नाही, हा फौजदारी खटल्याचा भाग. निष्काळजीपणाने मृत्यूसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(1) खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुमच्या घरच्यांचा राग चालकावर असणार, तो असावाच. पण 43 वर्षांच्या माणसाचं घर चालकाच्या शिक्षेने उभं राहत नाही. माझ्या अनुभवात खरी उत्तरं मालकाकडे असतात, आणि तो कोर्टात क्वचितच दिसतो. वाहतूक कामगारांसाठी दिवसाला आठ तासांचं बंधन 1961 च्या कायद्यापासून आहे. कोल्हापूरहून निघालेला चालक किती वाजता निघाला आणि त्याआधी किती तास झोपला, हे कोणी विचारलंय का?

ते विचारायची सोय आहे, आणि इथेच घाई करायला हवी. कंटेनरच्या फास्टॅगचा उतारा पोलिसांमार्फत मागवा. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर, प्रत्येक टोलची वेळ त्यात असते. शेवटच्या टोलपासून अपघाताच्या जागेपर्यंतचं अंतर आणि लागलेला वेळ यावरून सरासरी वेग साधा पोरगा काढेल. आणि पहिल्या टोलपासूनच्या वेळा जोडल्या की चालक वाटेत कुठे थांबला का, हे दिसतं. मालाची बिल्टी, ई-वे बिल आणि वजनकाट्याची पावती मागा, त्यावरून ओव्हरलोड कळेल. मालकाने जीपीएस बसवलं असेल तर त्याची नोंद. उताराच्या कडेची हॉटेलं, पंप, शोरूम यांचं सीसीटीव्ही पंधरा-वीस दिवसांत पुसलं जातं, कुठे त्याच्याही आधी. आज नववा दिवस आहे. तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कोणी लिहून ठेवत नाही.

पोलीस ठाण्यातून घ्यायचे कागद म्हणजे एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मोटार वाहन निरीक्षकाचा अहवाल आणि कॉम्प एए फॉर्म. या शेवटच्या फॉर्ममध्ये गाडी, मालक, लायसन्स, विमा सगळं एका जागी असतं. 2022 च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी 48 तासांत पहिला अपघात अहवाल आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल ट्रिब्युनलला द्यायचा असतो. दिला का, विचारा. विचारलं की हलतात.

दावा दाखल करायला कायद्याने अपघातापासून सहा महिने आहेत. मुदतीच्या या अटीला आव्हान दिलेलं आहे आणि केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये दिलाय. त्याच्या भरवशावर बसू नका, सहा महिन्यांच्या आतच घाला. अपघात पुण्यात झाला असला तरी तुम्ही राहता तिथल्या ट्रिब्युनलमध्येही दावा चालतो. आणि दोन्ही ट्रकचे मालक आणि दोन्ही विमा कंपन्या पार्टी करा. मागचा म्हणेल पुढच्याची चूक, पुढचा म्हणेल मागच्याची. त्यांचं भांडण त्यांच्यात मिटू दे, तुम्हाला पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून मागता येते. चालकाचं लायसन्स योग्य नव्हतं असं विमा कंपनी म्हणाली तरी घाबरू नका. अशा वेळी ‘आधी वारसांना द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असे आदेश होतात.

वकील करताना टक्केवारीवर करू नका, एवढंच सांगतो.

उद्या सकाळी सगळ्यात आधी कंटेनर कुठे उभा आहे ते शोधा. चौकीच्या मागे किंवा हायवेच्या एखाद्या यार्डात असेल. परत दिला असेल तर कधी, कोणाच्या सहीने, ते लिहून घ्या. असेल तर ठाणे अंमलदाराला सांगून, त्यांच्या माणसासमोर, मोबाइलवर फोटो काढा. केबिनमध्ये हात लावू नका. गिअरचा दांडा कुठे आहे, चावी कुठल्या खुणेवर आहे, हवेचे दोन काटे कुठे थांबलेत, पायाखाली बाटली-बिटली काही लोळतेय का. मग बाहेर, प्रत्येक चाकाच्या आतून ड्रम. निळसर-जांभळी झाक आली असेल तर तो प्रचंड तापला होता. बूस्टरमागे बोल्ट कसलेले दिसले तर जवळून दोन फोटो, एक नंबर प्लेटसकट. टायरच्या कडेला रबर चढवल्याची रेघ दिसते का तेही. निरीक्षकाची तपासणी अजून व्हायची असेल तर ‘ड्रम उघडून लायनर तपासावेत आणि स्लॅकचं माप अहवालात लिहावं’ असा एक ओळीचा अर्ज त्यांच्या कार्यालयात द्या. तेवढ्या ओळीने निरीक्षक गाडीखाली जातो. मी गेलो असतो.